कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही

मनाली-लेह रस्त्यावरच्या बारालाचा-ला खिंडीच्या चढावर, साधारण ४,६०० मीटर उंचीवर, माझ्या गाडीनं रेस घेणं बंद केलं. बंद पडली नाही. मूठ पूर्ण पिळली की नुसती भडभडायची, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा, आणि मूठ अर्ध्यावर सोडली की जराशी सुधारायची. दीडशे सीसीची, कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली गाडी. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तिनं कधी कुरकुर केली नव्हती. मागून आलेल्या मित्रानं हेल्मेटची काच वर करून निदान केलं, "ऑक्सिजन कमी आहे रे, तिलाही धाप लागलीय."

निदान अर्धं बरोबर होतं. धाप होतीच. पण खरा त्रास अजीर्णाचा होता. हवा कमी झाली त्या मानानं पेट्रोल कमी व्हायला हवं होतं, ते झालं नव्हतं. गाडी पुण्याच्या भुकेनं जेवत होती आणि पचवायला हवा मात्र लडाखची मिळत होती.

असं का होतं हे एकदा डोक्यात बसलं की कार्ब, म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर, ट्यून करणं हा जादूटोणा राहत नाही. म्हणून आधी थोडं विज्ञान, मग पाना-पेचकस.

पेट्रोल इंजिनाचं पथ्य साधं आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. भरपूर ताकद हवी असेल तेव्हा मिश्रण त्याहून थोडं घट्ट ठेवतात, साडेबारा-तेरा किलो हवेला एक किलो पेट्रोल. पेट्रोल जास्त झालं की मिश्रण 'रिच', कमी पडलं की 'लीन'. गॅरेजमध्ये हेच शब्द चालतात, आपणही तेच वापरू. या हिशेबात 'किलो' हा शब्द महत्त्वाचा आहे. इंजिन हवा किलोत ओढत नाही, घनफळात ओढतं. दीडशे सीसीचं इंजिन अलिबागच्या किनाऱ्यावर जेवढा श्वास घेतं तेवढाच लेहमध्ये घेतं. त्या श्वासात वजनानं हवा किती आली, हे जागेवर ठरतं. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात एक घनमीटर हवा १.२२५ किलो भरते. लेहच्या उंचीला, म्हणजे ३,५०० मीटरला, ती त्या उंचीच्या प्रमाण तापमानात ०.८६ किलोच्या आसपास येते. ऑक्सिजनचा वाटा दोन्हीकडे २१ टक्केच. वर ऑक्सिजनचं प्रमाण घटत नाही, सगळी हवाच विरळ होते.

आता कार्बोरेटर. त्याचा गळा मध्ये अरुंद असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. चक्रीवादळात कोकणातल्या घरांचे पत्रे उडतात त्यामागे हेच असतं: वरून वारा सुसाट गेला की छपरावरचा दाब पडतो आणि घरातली हवा पत्र्याला खालून ढकलते. कार्बमध्ये उडतं ते पेट्रोल. खालच्या वाटीत, फ्लोट चेंबरमध्ये, पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाखाली उभं असतं. गळ्यात दाब कमी झाला की ते जेटच्या, म्हणजे एका छोट्या पितळी तुकड्याच्या, भोकातून वर चढतं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. डास मारायच्या जुन्या हातपंपातलं औषध असंच उडायचं. यात कुठेही तराजू नाही. गळ्यात दाब किती पडला एवढंच कार्बला कळतं.

विरळ हवा गळ्यातून गेली की दाबही कमी पडतो, म्हणून पेट्रोलही कमी उडतं. इथवर ठीक. पण ते पुरेसं कमी उडत नाही. दाबातला फरक हवेच्या घनतेच्या प्रमाणात बदलतो आणि भोकातून जाणारं पेट्रोल त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे हवेची घनता ३० टक्क्यांनी उतरली तर पेट्रोल फक्त १६ टक्क्यांनी उतरतं. पंगतीला तीस टक्के माणसं कमी आली आणि आचाऱ्यानं स्वयंपाक सोळा टक्केच कमी केला, तसं. उरलेलं अन्न सायलेन्सरमधून बाहेर, प्लगवर काजळी, आणि मिश्रण जवळजवळ २० टक्के जास्त रिच.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि आपल्याकडच्या नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. फ्युएल इंजेक्शनमध्ये हवेचा दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर असतात, ते दर क्षणाला हिशेब करतात. तशी गाडी असेल तर खुशाल पुढे जा. पण जुन्या टू-स्ट्रोक, मोटोक्रॉसच्या बऱ्याच गाड्या आणि माझ्यासारख्यांच्या जपून ठेवलेल्या गाड्या अजून कार्बवरच चालतात. त्यांचा सेन्सर म्हणजे आपलं नाक, कान आणि प्लगचा पाना.

मूठ किती पिळली, तिथे सगळं आहे

कार्ब ट्यून करताना बहुतेकांची पहिली चूक एकच. गाडी "जास्त स्पीडला" अडखळते, म्हणून मेन जेट बदलायचा. कार्बला स्पीड कळत नाही, गिअरही कळत नाही. मूठ किती उघडली आहे त्यावरच कुठला भाग काम करणार हे ठरतं.

मूठ बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू. पुढे पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे मूठ पिळली की गळ्यात वर सरकणाऱ्या पडद्याच्या, बुडाशी असलेला तिरका काप. पाव ते पाऊण मुठीत स्लाइडला टांगलेली सुई, म्हणजे निडल. पाऊण ते पूर्ण मुठीत मेन जेट. या हद्दी कुंपणासारख्या पक्क्या नाहीत, एकमेकींत मिसळतात. तरी अंदाज म्हणून एवढं पुरे. कच्च्या रस्त्यावर, दगडगोट्यांत आपण सगळ्यात जास्त वेळ पाव ते अर्ध्या मुठीत असतो. म्हणजे ज्या सुईकडे कुणी ढुंकून बघत नाही, तिच्यावर गाडीचा अर्धा स्वभाव ठरतो.

यासाठी माझी एक पद्धत आहे, ती पैसे न लागणारी आहे. औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी घ्यायची. एक तुकडा मुठीच्या रबरावर, एक शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर. मूठ बंद असताना दोन्हींवर जुळणारी रेघ मारायची. मग पूर्ण पिळून न फिरणाऱ्या पट्टीवर दुसरी रेघ, आणि मधल्या अंतरात पाव, अर्धा, पाऊण. आता गाडी चालवताना त्रास झाला की खाली एक नजर टाकायची, मुठीवरची रेघ कुठे आहे? पावाच्या अलीकडे असेल तर मेन जेट हातात घ्यायचं कारणच नाही. ही पट्टी लावल्यापासून मी निम्मे वेळा कार्ब उघडायचं टाळलंय.

हजार मीटर म्हणजे तीस अंश

उंचीचं सगळे बोलतात, तापमानाचं कुणी बोलत नाही. हवा तापली की पसरते, विरळ होते. समुद्रसपाटीपासून हजार मीटर चढलात तर हवेची घनता ९ टक्क्यांच्या आसपास घटते. १० अंशांच्या पहाटेपासून ४० अंशांच्या दुपारपर्यंत आलात तर तीही साडेनऊ टक्के घटते, जागचे न हलता. म्हणजे हजार मीटर चढणं आणि तीस अंश तापणं, कार्बच्या लेखी जवळपास एकच.

पुणं ५६० मीटरवर आहे. जानेवारीच्या पहाटे, पारा दहावर असताना इथली हवा जवळजवळ या उंचीला प्रमाण मानल्या जाणाऱ्या हवेइतकी घन असते. मे महिन्याच्या दुपारी, चाळीस अंशांत, तीच हवा इतकी विरळ होते की एरवी त्यासाठी दीड हजार मीटरवर जावं लागेल. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. थोडक्यात, मे महिन्यात दुपारी सिंहगड रोडच्या सिग्नलला उभी असलेली गाडी हवेच्या हिशेबानं कळसूबाईच्या माथ्याजवळ पोचलेली असते.

आणि पावसाळा? "हवा जड आहे आज," असं आपण कोंदट दिवशी म्हणतो. ती अंगाला जड वाटते, वजनाला हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू कोरड्या हवेच्या सरासरी रेणूपेक्षा बराच हलका, अठराला एकोणतीस असं प्रमाण. वाफ आली की ती ऑक्सिजनची जागा अडवते. कोकणात ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर ऑक्सिजनचा जवळजवळ चार टक्के वाटा वाफ खाते. त्यामुळे दमट हवेत गाडी किंचित रिच होते. पण पावसात गारवाही येतो, आणि तो हिशेब उलटीकडे नेतो. म्हणून निव्वळ पावसाळा आहे म्हणून मी जेट कधी बदलला नाही. पावसात गाडी अडखळते तेव्हा दहापैकी आठ वेळा एअर फिल्टर ओला असतो किंवा प्लगच्या टोपीत पाणी गेलेलं असतं.

आकडे

मेन जेट म्हणजे हरभऱ्याएवढा पितळी तुकडा, मधोमध भोक. पायलट जेट लांबट, हुबेहूब लवंगेसारखा, अंगावर बारीक आडवी भोकं. दोन्हींवर आकडा कोरलेला असतो, आणि तो वाचायला चाळिशीनंतर मोबाइलचा कॅमेरा लागतो.

केहिनच्या मेन जेटवरचा आकडा साधारण भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ म्हणजे १.१५ मिमी. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा व्यासाचा नसून त्यातून किती पेट्रोल वाहतं त्याचा असतो. म्हणून एका कंपनीचा ११५ काढून दुसऱ्या कंपनीचा ११५ घालणं म्हणजे पायात सात नंबर बसतो म्हणून सात नंबरची टोपी घेणं.

व्यासाचे आकडे असलेल्या जेटसाठी मी डोक्यात ठेवतो तो ठोकताळा असा: दर हजार मीटरला आकडा सुमारे अडीच टक्क्यांनी खाली. ११५ चा जेट असेल तर तीन अंक. दर दहा अंश गरमीला एक अंक. एवढंच. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं बदलतं, म्हणून व्यासात थोडासा फरकही पुरतो. प्रवाहाचे आकडे असलेल्या जेटसाठी हाच ठोकताळा दुप्पट धरायचा, हजार मीटरला पाच टक्के.

एक गणित सोडवून बघू. पुण्यात ३० अंशांत ११५ चा जेट बरोबर चालतो. लेहमध्ये दुपारी १५ अंश आहेत. पुण्याच्या तुलनेत तिथल्या हवेची घनता सुमारे २७ टक्के कमी. मिश्रण १७ टक्के रिच. ते परत जागेवर आणायला जेट हवा १०६ च्या आसपास. दुकानात १०५ किंवा १०८ मिळेल. पुढे खारदुंग-लाला, ५,३५९ मीटरवर, कागदावर १०१ निघतो. पण तिथे आपण फोटो काढून, चहा पिऊन तासाभरात उतरतो, त्यासाठी जेट बदलणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि पुणे ते महाबळेश्वर? चढ आठशे मीटरच्या आसपास, वर हवा गार. फार तर दोन अंकांचा फरक, तेवढ्यासाठी जेट बदलायचं कारण नाही. घाटात गाडी ओढत नसेल तर क्लच प्लेटा बघा.

हेही सांगून टाकतो: जेट बरोबर बसला म्हणून गेलेली ताकद परत येत नाही. हवा २७ टक्के कमी म्हणजे ताकद साधारण तेवढीच कमी. जेटिंगनं अजीर्ण बरं होतं, भूक वाढत नाही. ताकदीचा तुटवडा सोसायचा असेल तर पुढचं चेन-स्प्रॉकेट एका दाताने लहान करा.

उघडण्याआधी

नाशिकच्या एका जुन्या मिस्त्रींकडे मी हे काम शिकलो. त्यांचा नियम होता, कार्बला हात लावणाऱ्यानं आधी एअर फिल्टर हातात घेऊन दाखवायचा. मी पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा म्हणालो, "काका, गाडी रिच झालीय, जेट बदलायचा." त्यांनी फिल्टर काढला, बाकावर आपटला, मातीचा ढीग पडला. "अरे, नाकात बोळा घालून पळवतोस आणि वर म्हणतोस जास्त जेवते," एवढं बोलून ते दुसऱ्या गाडीकडे गेले.

तर आधी फिल्टर. मग प्लग. कार्ब आणि इंजिनाच्या मधला रबरी जोड भेगाळलेला नाही ना, कारण तिथून चोरटी हवा आत गेली तर तुम्ही कितीही जेट बदला, हिशेब लागणार नाही. फोर-स्ट्रोक असेल तर व्हॉल्व्हचा गॅप. फ्लोटची उंची. आणि जेट साफ करायचा तर हवा मारून. लोखंडी तार घालून भोक कोचणारे मिस्त्री प्रत्येक गावात आहेत. पितळ मऊ असतं, पाच वेळा कोचलं की ११५ चा जेट किती झाला हे देवालाच माहीत.

मग रिच की लीन? कान लावा. रिच गाडी जाड आवाजात भडभडते, धूर सोडते, प्लग ओला-काळा होतो, गरम झाल्यावर आणखी वाईट चालते. लीन गाडी मूठ झटकन पिळली की क्षणभर "हॅ" करून थबकते, रेस सोडली तरी आरपीएम वरच लटकून राहतो, इंजिन नेहमीपेक्षा तापतं. संशय असेल तर दोन चाचण्या. त्रास होतो त्याच मुठीत चोक किंचित ओढा. सुधारली तर लीन, बिघडली तर रिच. उलट चाचणी मला जास्त आवडते: पेट्रोलचा कॉक बंद करून चालवत राहा. वाटीतलं पेट्रोल खाली जाईल तसं मिश्रण लीन होत जातं. बंद पडायच्या आधी काही क्षण गाडी मोकळी धावली तर ती रिच होती. मात्र ही चाचणी टू-स्ट्रोकवर पूर्ण मुठीत करू नका, कारण पुढे सांगतो.

प्लगचा रंग बघायचा असेल तर ज्या मुठीची परीक्षा घ्यायची त्या मुठीत थोडं अंतर चालवून, क्लच दाबून तिथेच किल स्विच मारायचा. आयडलिंगवर घरापर्यंत येऊन मग प्लग काढला तर तो आयडलिंगचा रंग सांगेल. दुधाच्या कॉफीसारखा तपकिरी चांगला. काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन. आजच्या पेट्रोलवर रंग पूर्वीइतका बोलका राहिलेला नाही, त्यामुळे मी रंगाला साक्षीदार मानतो, न्यायाधीश नाही.

क्रम माझा ठरलेला आहे: मेन जेट, मग पायलट, शेवटी सुई. एका वेळी एकच गोष्ट. इंजिन पूर्ण गरम करूनच. पायलटचा स्क्रू कुठे आहे ते बघून घ्या. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत घेतला की लीन. टू-स्ट्रोकला सहसा पहिला, फोर-स्ट्रोकला सहसा दुसरा. मी एकदा हे उलटं धरून अख्खी दुपार घालवलीय. स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत घ्यायचा, दीड आटा बाहेर काढायचा, मग पाव-पाव आट्यानं फिरवत आयडलिंग सगळ्यात उंच आणि स्वच्छ कुठे होतं ते शोधायचं. उत्तर एक आट्याच्या आत किंवा अडीचच्या बाहेर सापडत असेल तर पायलट जेटच चुकीचा आहे. सुईच्या डोक्याला खाचा असतात, त्यात एक बारीक क्लिप. क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली बसते, मिश्रण लीन. खालच्या खाचेत नेली की सुई वर, मिश्रण रिच. ही क्लिप उडते. ती उडणारच, आणि मातीत सापडणार नाही. म्हणून खाली टॉवेल अंथरा.

सरचूची संध्याकाळ

तर बारालाचाहून मी अर्ध्या मुठीत रखडत सरचूला पोचलो. सरचू ४,२९० मीटरवर, आणि पुढे तांगलांग-ला त्याहून हजार मीटर उंच. आज काहीतरी करायलाच हवं होतं. माझ्या गाडीला साधा स्लाइडचा कार्ब आहे. मित्राच्या गाडीला व्हॅक्यूमवर उचलणारा, म्हणून त्याला त्रास कमी. तशा कार्बमध्ये स्लाइड इंजिनाच्या ओढीनुसार उचलली जाते, त्यामुळे तो थोडंफार सांभाळून घेतो.

जेट मी हिंगाच्या रिकाम्या डबीत नेले होते: ११०, १०८, १०५. तंबूच्या कडेला, डोक्यावर टॉर्च बांधून वाटीचे चार स्क्रू काढले. वाटीतलं पेट्रोल हातावर सांडलं आणि बोटं अशी गार पडली की जेट धरलाय की नाही हे बघूनच कळत होतं. पेट्रोल उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं, हे शाळेत वाचलेलं तिथे पटलं. १०५ बसवला. क्लिप एक खाच वर. पायलटचा स्क्रू अर्धा आटा आत. डबीतला हिंगाचा वास पेट्रोलच्या वासावर मात करून उरला होता.

सकाळी गाडी चोकशिवाय सुरू झाली नाही. हेही लक्षात ठेवा: हवा विरळ असली तरी पहाटेच्या थंडीत पेट्रोलची वाफ होत नाही, म्हणून सुरू करताना चोक लागतोच. तापल्यावर मात्र तीच गाडी रिच. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. तांगलांग-ला ती दुसऱ्या गिअरमध्ये, कुरकुर न करता चढली. वेगानं नाही, पण भडभड गेली होती.

वाटेत एक भला माणूस भेटला, त्यानं सल्ला दिला की फिल्टर काढून टाका, सगळे तेच करतात. करतात खरं. फिल्टर काढला की हवेची वाट मोकळी होते आणि मिश्रण लीन होतं, गाडी मोकळीही वाटते. आणि लडाखची ती बारीक, काचेसारखी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. पिस्टन रिंगांनी घासलेल्या भिंतीचा खर्च जेटच्या खर्चाच्या किती पट, हे गॅरेजमध्ये विचारा.

आता माझं मत विचाराल तर, फोर-स्ट्रोक गाडी घेऊन आठ दिवस फिरायला चाललेल्या माणसानं मेन जेटच्या फंदात पडू नये. एक खाच सुई, अर्धा आटा स्क्रू, एक जादा प्लग, बस. रिच गाडी चिडचिड करते, प्लग खाते, पेट्रोल पिते, मोडत नाही. लीन गाडी छान चालते, अगदी मोडेपर्यंत.

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये पाइक्स पीकची डोंगरशर्यत १९१६ पासून होते. सुरुवात २,८६२ मीटरवर, शेवट ४,३०२ मीटरवर, अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर. २०१२ मध्ये ती पहिल्यांदा पूर्ण डांबरी रस्त्यावर झाली, त्याआधी बराच रस्ता मातीचा होता. खालून वर जाईपर्यंत हवा आणखी १४ टक्के विरळ होते. कार्बच्या गाडीला एका जेटवर दोन्ही टोकं साधणं शक्यच नाही. थोडं खाली बिघडलेलं चालेल की थोडं वर, एवढंच निवडायचं. शहाणा माणूस दाट हवेच्या टोकाला सुरक्षित राहील असा जेट घालतो.

उतरताना

कारण धोका चढताना नसतो, उतरताना असतो.

आमच्याबरोबर एक टू-स्ट्रोकवाला होता. लेहमध्ये त्यानं जेट लहान केला, गाडी सुरेख चालली, खारदुंग-ला करून आला. आम्ही मनालीमार्गे उतरलो. मी मनालीतच ११५ परत घातला. तो म्हणाला, "चाललीय ना मस्त, घरी गेल्यावर बघू." लेहच्या हवेला जुळवलेला जेट मैदानात आला की मिश्रण १५-१६ टक्के लीन होतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल आत जातं. म्हणजे पेट्रोल कमी झालं की थंडावाही कमी आणि वंगणही कमी, आणि पिस्टन मात्र जास्त तापतो. पंजाबातल्या किरतपूरच्या पुढे सपाट महामार्गावर पूर्ण मुठीत दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मागचं चाक अचानक अडलं, काळा पट्टा उमटला. त्यानं क्लच दाबला म्हणून वाचला. पिस्टन सायलेन्सरच्या बाजूनं उभा खरवडला गेला होता.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी त्याच ओघात आणखी एक. तेल जास्त घातलं की सुरक्षित, हा समज अर्धवट आहे. जेट मिश्रणच मोजून सोडतो. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो. तेलाचं प्रमाण बदललं तर जेट पुन्हा तपासा.

हल्ली याच दिशेची आणखी एक भर पडलीय. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एक किलोला नऊ किलोच. त्यामुळे या मिश्रणाचं १४.७ चं गणित साडेतेराच्या आसपास येतं, आणि जुन्या पेट्रोलवर अचूक बसवलेला कार्ब सात-आठ टक्के लीन होतो. इंजेक्शनच्या बहुतेक नव्या गाड्या ते ओळखून घेतात. माझ्या गाडीत पूर्वी ११२ असायचा. आत्ता ज्याला मी पुण्याचा ११५ म्हणतोय तो या पेट्रोलनंतरचा. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मी वाटीचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून ठेवतो. एकदा विसरलो होतो, तेव्हा पायलट जेटच्या भोकात हिरवट पांढरा थर बसला होता.

हिंगाच्या डबीत सध्या पाच जेट आहेत. झाकणाच्या आत एक कागद चिकटवलाय, त्यावर तारीख, ठिकाण, तापमान, जेट, क्लिपची खाच, आटे. शेवटची नोंद गेल्या जानेवारीतली: पहाटे ९ अंश, ११५, वरून तिसरी खाच, दीड आटा, मूठ झटकली की किंचित थबकते. त्याखाली पेन्सिलीनं लिहिलंय, ११८ आणणे.